घरून व्यवसाय करता? रिटर्नमध्ये खर्च असा दाखवा

बिलं गोळा करायला बसण्याआधी एक हिशेब करा: वर्षभरात जमा, म्हणजे व्यवसायातून आलेली एकूण रक्कम, किती झाली आणि त्यातले व्यवसायावर खरोखर किती गेले? वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट, इंटिरियर डेकोरेटर अशा ठरावीक व्यावसायिकांना अंदाजित उत्पन्नाची योजना मिळते. सगळे तिला जुन्या कायद्यातल्या ४४एडीए या कलमानेच ओळखतात. जमा ५० लाखांपर्यंत हवी. रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत चालते. जमेची किमान निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, मग वेगळा खर्च किंवा घसारा (वस्तूची किंमत दरवर्षी घटते त्याची वजावट) मागता येत नाही. खर्च निम्म्याहून बराच कमी असेल, तर बहुतेकांना हीच वाट सोयीची.

खर्च निम्म्याहून जास्त असेल तर मात्र पूर्ण हिशेब ठेवून आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागतो. योजनेत बसत असूनही निम्म्याहून कमी नफा दाखवला आणि एकूण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असलं, तर सीएकडून ऑडिटही करून घ्यावं लागतं. त्याची फी आधीच विचारून घ्या.

आता खर्चाकडे. कसोटी एकच: हा पैसा निव्वळ व्यवसायासाठी गेला का? सॉफ्टवेअरचं भाडं, क्लायंटकडे जाण्याचा प्रवास, सीएची फी सरळ धरता येतात. घोळ होतो तो घर आणि व्यवसाय एकत्र असतो तिथे. भाड्याच्या चार खोल्यांपैकी एक फक्त कामासाठी असेल, तर २०,००० भाड्यातले ५,००० धरा. वीजबिलाचंही प्रमाण ठरवा, कागदावर लिहा आणि वर्षभर तेच ठेवा. घर स्वतःचं असेल तर स्वतःलाच भाडं दिल्याचं दाखवता येत नाही.

लॅपटॉप एकदम खर्ची पडत नाही. त्यावर ४० टक्के घसारा मिळतो. ६०,००० चा लॅपटॉप जूनमध्ये घेऊन वापरायला काढला तर पहिल्या वर्षी २४,०००. डिसेंबरमध्ये घेतला तर १२,०००च, कारण वापर १८० दिवसांच्या आत असला की घसारा निम्मा होतो. खरेदी करायचीच असेल तर सप्टेंबरच्या आत उरका.

एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेत, तर तो खर्च सहसा मान्य होत नाही. यूपीआयने द्या आणि व्यवसायाचं बँक खातं वेगळं ठेवा. किरकोळ खर्चाची पावती मिळाली नाही, तर त्याच दिवशी व्हाउचर लिहा: तारीख, कोणाला, कशासाठी. एलआयसीचा हप्ता, स्वतःचा आयकर, कायदा मोडल्याचा दंड यात घालू नका.

नवी करप्रणाली घेतली म्हणून बिलं टाकून देणारे बरेच भेटतात. तसं करू नका! तिथे ८०सी सारख्या (एलआयसीचा हप्ता वगैरे बचतीवरच्या) वजावटी जातात, व्यवसायाचा खर्च कायम राहतो.

रिटर्न भरण्यापूर्वी २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या कराचा आयकर खात्याकडचा तक्ता, उघडून जमा पडताळा. एक लाखाच्या बिलावर क्लायंटने १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापून खात्यात ९०,००० आले, तरी जमा एक लाखच धरायची. कापलेले १०,००० करातून वळते होतात.