बोटीचं जुनं डिझेल इंजिन मध्येच बंद पडतंय? टाकीपासून सुरुवात करा

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते आणि हर्णै, मिरकरवाडा, करंजा, सातपाटी अशा बंदरांत गिऱ्हाइकांच्या आधी मिस्त्रीची वाट पाहणाऱ्या बोटी दिसू लागतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. इंजिन सुरू होतं, बंदरात नीट चालतं. बाहेर पडून लोड आला की गुदमरतं आणि बंद पडतं. मग पहिला संशय फ्युएल पंपावर, म्हणजे नॉझलना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावर. पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा, हंगामाचे सुरुवातीचे मोलाचे दिवस वाया घालवायचे, पैसे मोजायचे, आणि पंप बसवल्यावर पुन्हा तेच. कारण दोष पंपात नसतोच. तो टाकीच्या तळाशी, नाहीतर एखाद्या जुन्या पाइपात असतो.

म्हणून तपासणी नेहमी डिझेलच्या वाटेने करा : टाकी, कॉक, पाण्याचा सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा), फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप), फिल्टर, फ्युएल पंप आणि सगळ्यात शेवटी नॉझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी). इथे सांगितलेलं सगळं जुन्या, मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांसाठी आहे. आपल्याकडच्या ट्रॉलरवर असतात ती लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं डोळ्यांसमोर ठेवा. पेट्रोलच्या इंजिनावर यातलं काहीही करून पाहू नका. बंद खणात पेट्रोलची वाफ साठते आणि एका ठिणगीने भडका उडतो.

पाना हातात घेण्याआधी

स्टॉप केबल बघा. ती गंजून अर्धवट ओढलेल्या जागी अडकली असेल, तर पंप डिझेल सोडणारच नाही. पंपावरचा स्टॉपचा दांडा हाताने हलवून तो पूर्ण मागे येतो याची खात्री करा. टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे ना, तेही पाहा.

मग धूर. स्टार्टर फिरतोय, पण धूर अजिबात नाही, म्हणजे सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर येतो पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही. कॉम्प्रेशन कमी असेल, डिझेल फवारण्याचं टायमिंग हललं असेल किंवा डिझेलमध्ये पाणी असेल. लोडवर काळा धूर येत असेल, तर आधी एअर फिल्टर आणि बोटीचा पंखा (प्रोपेलर) बघा. पंख्याला जाळं किंवा दोर गुंडाळला गेला तरी इंजिन असंच काळं ओकतं, आणि लोक नॉझल बदलत बसतात.

डिपस्टिकही काढा. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन चालवू नका. फीड पंपातून किंवा फ्युएल पंपातून डिझेल इंजिनाच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतंय. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खाऊन टाकतं.

टाकी

माझ्या मते निम्मं काम इथेच संपतं. पावसाळ्यात शाकारून ठेवलेल्या बोटीची टाकी अर्धी रिकामी असेल, तर वरच्या दमट हवेतलं पाणी पत्र्यावर धरतं आणि खाली उतरतं. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, त्या पट्ट्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो.

टाकीच्या तळाच्या ड्रेनमधून लिटरभर डिझेल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या. ड्रेन नसेल तर भरण्याच्या तोंडातून नळी तळापर्यंत सोडून ओढा, पण तोंडाने नव्हे, हातपंपाने. बरणी अर्धा तास हलवू नका. चांगलं डिझेल आरपार दिसतं. खाली वेगळा थर दिसला तर त्यात खाण्याच्या रंगाची चिमूट टाका. रंग डिझेलमध्ये विरघळत नाही, पाण्यात लगेच पसरतो. दोन थरांच्या मध्ये शेवाळासारखे तुकडे तरंगत असतील, तर नुसतं पाणी काढून भागणार नाही. टाकी उघडून, हात घालून, आतून पुसून काढावी लागेल. वरून औषध ओतून मोकळे झालात तर मेलेला गाळ सुटतो आणि पुढचे कितीतरी दिवस फिल्टर चोंदवत राहतो.

गाळाची एक खूण अनुभवी ड्रायव्हर लगेच ओळखतो. इंजिन लोडवर बंद पडतं, दहा-पंधरा मिनिटं थांबून स्टार्टर मारला की काही न करता सुरू होतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद. चालू असताना गाळ ओढला जाऊन टाकीतल्या सक्शन पाइपच्या तोंडावर चिकटतो, ओढ थांबली की सुटून खाली पडतो. त्या पाइपच्या टोकाला बारीक जाळी बसवलेली असेल तर ती काढून टाका. गाळण्याचं काम फिल्टरचं, आणि फिल्टर समुद्रात बदलता येतो. टाकीतली जाळी समुद्रात साफ करता येत नाही.

टाकीत हवा घेणारा व्हेंट पाइप विसरू नका. बोट किनाऱ्यावर असताना कुंभारीण माशी त्या पाइपात मातीचं घर करते. बाहेरून काही दिसत नाही, पण टाकीत हवा जायची बंद होते, आतली ओढ वाढत जाते आणि तासाभराने इंजिनाला डिझेल मिळेनासं होतं. इंजिन मंदावल्यावर टाकीचं झाकण सैल करा. सुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर दोष सापडला. पाइपात तार घालून साफ करा आणि तोंडाला जाळी लावा.

एअर कुठून धरतंय?

इंजिनाचा आवाज एका जागी ठरत नाही, आपोआप चढतो-उतरतो, म्हणजे एअर धरली आहे, डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे. टाकी इंजिनाच्या खालच्या पातळीवर असेल, तर टाकी ते फीड पंप हा भाग डिझेल ओढून घेतो. इथे भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि मिस्त्री फसतो.

फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालवून बॅटरीच्या उजेडात बघा. बुडबुडे दिसले तर गळती त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. एकेक जोड मागे सरकत जा. क्लिपखाली कडक झालेला रबरी होज, सेपरेटरच्या झाकणाचं रबर आणि बँजो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर हे नेहमीचे गुन्हेगार. वॉशर नवे घाला. बंदरात मिळत नसतील तर जुने लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि पुन्हा बसतं. पण हे काम बोटीवर नको, धक्क्यावर करा. डिझेलच्या जोडांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप लावू नका. तिचे धागे सुटून थेट पंपात जातात.

कॅनची चाचणी

एवढं करूनही उलगडा होत नसेल, तर स्वच्छ कॅनमध्ये नवं, गाळलेलं डिझेल घ्या. फीड पंपाला येणारी लाइन काढून तिथे कॅनमधून थेट नळी जोडा आणि रिटर्नची (उरलेलं डिझेल परत नेणारी) नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होईल. कॅन दोराने घट्ट बांधा. एअर काढा आणि बंदराच्या आतच लोड देऊन इंजिन अर्धा तास चालवा.

इंजिन नीट चाललं तर पंप, नॉझल सगळं ठीक आहे आणि दोष फीड पंपाच्या मागे आहे. तरीही बंद पडलं तर दोष पुढे आहे. पंप उतरवायचा की नाही, हे या चाचणीनंतर ठरवा.

फिल्टर बदलणं आणि एअर काढणं

फिल्टर बदलताना जुना फेकण्याआधी कापून बघा. काळा चिकटा असेल तर सूक्ष्मजीव, तांबूस चुरा असेल तर टाकी आतून गंजतेय. मग एअर काढा :

१. कॉक उघडा, फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (एअर काढण्याचा स्क्रू) दोन आटे सैल करा, खाली डबा धरा.
२. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलणारा हातपंप) मारत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे संपून सलग डिझेल आलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळा.
३. फ्युएल पंपावरच्या ब्लीड स्क्रूवर हेच करा.
४. नॉझलकडच्या पाइपांचे नट एक आटा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण द्या आणि स्टार्टर मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको. प्रत्येक नटातून डिझेल उसळलं की आवळा.

तुमच्या इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडलेलं असेल, तर बराच वेळ स्टार्टर मारण्याआधी त्या पाण्याचा कॉक बंद करा. इंजिन चालत नसताना ते पाणी बाहेर फेकलं जात नाही, एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. आणि इंजिन पकडताच तो लगेच उघडा. इंजिनाची चावी त्याच कॉकला अडकवून ठेवण्याची सवय लावा.

काढलेलं डिझेल इंजिनखणात सांडू देऊ नका. तिथलं पाणी शेवटी पंपाने बाहेरच जातं, आणि खाडीच्या तोंडाशी माशांची पिल्लं वाढत असतात.

मगच नॉझल

एखादा सिलिंडर काम करत नाही असं वाटत असेल, तर आयडलवर (इंजिन लोडशिवाय मंद चालू असताना) एकेका नॉझलचा पाइपनट अर्धा आटा सैल करा. सैल केल्यावर इंजिन अडखळलं तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथे आहे. तो नॉझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावून बघा. दोष नॉझलबरोबर हलला तर नॉझल खराब, जागेवरच राहिला तर पंपाचा तो एलिमेंट (त्या सिलिंडरला डिझेल देणारा भाग) किंवा सिलिंडरचं कॉम्प्रेशन.

डोळ्यांना चष्मा हवा, आणि नॉझल फवारतो त्याच्यासमोर हात कधीही आणू नका. २०० बारच्या आसपासच्या दाबाने सुटलेलं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत हाताचं बोट गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत न बसता थेट रुग्णालयात जा.

समुद्रात बंद पडलं तर

आधी नांगर टाका, मग इंजिनाचं झाकण उघडा. वाहत खडकाकडे जाणाऱ्या बोटीत शांतपणे एअर काढता येत नाही. बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसच्या चॅनल १६ वर जवळच्या बोटींना कळवा. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. बोटीवर दोन जादा फिल्टर, तांब्याचे वॉशर, हातभर होज, चार क्लिप आणि झाकण घट्ट बसणारा स्वच्छ डिझेलचा कॅन कायम असू द्या.

पुढच्या बंदीआधी, म्हणजे ३१ मेपर्यंत, टाकी काठोकाठ भरा. तेवढं डिझेल अडकवून ठेवणं परवडत नसेल तर ती पूर्ण रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवा. अर्धी मात्र ठेवू नका.