पिकअपला लिफ्ट किट बसवताय? या चुका टाळा

पावसाळ्यात पांदणीत गाडी फसली, शेजारचा ट्रॅक्टर बोलवून ओढून काढली, की त्याच रात्री मोबाइलवर लिफ्ट किटचे व्हिडिओ सुरू होतात. गाडी दोन-तीन इंच उचलली की वरूड-मोर्शीच्या बागेतून संत्र्याचे कॅरेट भरून थेट डांबरीवर लागू, असं वाटतं. पहिली चूक तिथेच होते.

लिफ्ट किट चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा उचलतं, एक्सल नाही. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपला मागे सरळ एक्सल आणि पाटे (पट्ट्यांची स्प्रिंग) असतात. किट बसवल्यावरही त्या एक्सलच्या मधला डिफरेन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा घासतो तो नेमका त्याच गोळ्याला. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि त्यातूनही फार काही हाती लागत नाही: 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 टाकला तर टायरचा व्यास 30 मिलिमीटरने वाढतो, म्हणजे गोळा चढतो फक्त 15 मिलिमीटर. वर मीटर 60 दाखवतं तेव्हा गाडी 62-63 ने पळत असते, ते वेगळंच. ओल्या काळ्या मातीत तर बऱ्याचदा उंची कमी पडतच नाही. टायरच्या खाचा मातीने भरतात, टायर गुळगुळीत होतो आणि रिकाम्या पिकअपची हलकी मागची चाकं जागेवर फिरत राहतात. तिथे पैसे घालायचेच तर चांगल्या खोल खाचांच्या टायरमध्ये घाला.

म्हणून किट मागवण्याआधी टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा. कुठे घासतं ते लोखंड स्वतःच सांगतं: ताजी चकाकी, वाकलेली कडा, चेपलेला सायलेन्सर. खुणा गोळ्यावर असतील तर किटचा उपयोग नाही. टाकीच्या गार्डवर, सायलेन्सरवर किंवा चेसिसच्या आडव्या पट्टीवर असतील तर आहे. आणि पाट्यांवरचे रबरी स्टॉपर चेंदले असतील, पाट्यांची कमान सपाट झाली असेल, तर गाडी बसली आहे. तिला उचलायची नाही, मूळ उंचीवर आणायची आहे. जुन्या, वर्षानुवर्षं कापूस आणि गिट्टी वाहिलेल्या गाड्यांचं दुखणं बहुधा हेच असतं. नवे पाटे किंवा जाणकार पाटेवाल्याकडून नीट कमान, यात काम भागतं.

किट निवडताना सगळ्यात जास्त फसगत इंचांत होते. पुढे विशबोन (चाक धरणारे आडवे हात) आणि कॉइल स्प्रिंग असेल, तर शॉकअपच्या डोक्यावर बसवायची चकती जेवढी जाड, त्याच्या जवळपास दुप्पट गाडी पुढून उचलली जाते, कारण स्प्रिंग चाकापाशी नसून विशबोनच्या मध्यावर असते. दोन इंच हवेत म्हणून दोन इंच जाड चकती घेतली तर पुढचं तोंड चार इंच वर जातं आणि गाडी फोर बाय फोर असेल तर पुढच्या एक्सलचे रबरी बूट फाटायला लागतात. मागे लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी झुलती पट्टी) टाकलं तर हिशोब उलटा: शॅकल दोन इंच लांब, गाडी एक इंच वर. शॅकल जितकं लांब तितकी गाडी वळणावर डोलते. माल वाहणाऱ्या गाडीला दोन इंचांच्या वर जाऊच नये, असं माझं मत आहे. चिखलदऱ्याच्या घाटात कॅरेटची थप्पी लावलेली उंच गाडी कशी वळते, ते एकदा मागून बघा. आणि किटने भार वाहण्याची ताकद वाढत नाही; आरसीवर लिहिलेलं वजन तेच राहतं.

आरसीवरून आठवलं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांत परस्पर बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा, मगच स्पॅनर उचला. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली वाकून बघतो, तेव्हा बोलून फायदा नाही.

आता बसवण्याचं. मिस्त्री हुशार असला तरी काही गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. मागे पाट्याखाली लोखंडी ठोकळा चालतो, पण एकावर एक दोन ठोकळे नाहीत, आणि पुढच्या पाट्यांखाली एकही नाही. जोरात ब्रेक दाबला की तो निसटू शकतो. पाट्याला वेल्डिंग किंवा गॅस लावू देऊ नका, उष्णतेने पाण चढवलेलं पोलाद मऊ पडतं. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवेच हवेत. जुना ताणलेला असतो, पुन्हा आवळला तरी धरत नाही. शॅकल आणि पाट्यांचे बुशवाले (आत रबर असलेले) बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण कसू नयेत. चाकं जमिनीवर टेकवून, वजन आल्यावर कसायचे, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकतं आणि लवकर फाटतं.

ब्रेकच्या पाइपकडे मात्र वेळ काढून बघा. चेसिसखाली जॅक लावून चाक पूर्ण लटकू द्या, स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे टोकापर्यंत फिरवा आणि रबरी पाइपला बोट लावा. तो ताणलेला, तारेसारखा लागला तर लांब पाइप बसवल्याशिवाय गाडी हलवू नका. एबीएसची वायरही तशीच तपासा. अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चेसिसवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत बारीक दांडी जाते. माल भरून चेसिस खाली आली की हा व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी उचलली की त्याला वाटतं, गाडी रिकामीच आहे. मग भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. दांडीचा ब्रॅकेट त्या प्रमाणात सरकवायचा असतो, आणि नेमकं हेच काम राहून जातं.

दुकानातून निघण्याआधी अलाइनमेंट आणि हेडलाइट दोन्ही करून घ्या. पुढून उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की यू बोल्ट पुन्हा आवळा, आणि मालाची पहिली खेप करून आल्यावर परत एकदा बघा.

नंतर काही बिघडलं तर बहुतेक वेळा कारण यातलंच असतं. ठरावीक वेगाला सीटखाली थरथर आली तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडला आहे; पाट्याखाली पाचर देऊन तो सुधारतो, नाहीतर शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस जातो. स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नसेल तर कॅस्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग अक्षाचा मागे कललेला कोन) कमी झाला आहे. टायर एकाच बाजूने झिजला तर पुन्हा अलाइनमेंट. खड्ड्यातून चाक खाली लटकताना ठक्क आवाज आला तर शॉकअप आखूड पडतंय, लांब घ्यावं लागेल. ब्रेक दाबताना किंवा रिव्हर्सला मागून टक्‌ आवाज आला तर पुढचं गाव येईपर्यंत थांबू नका, तिथेच उतरून यू बोल्ट बघा.