जुनी गाडी नावावर करून घेताना : ठाणे आणि नवी मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

बेळगावहून ऐरोलीला येऊन मला बावीस वर्षे झाली. या काळात आमच्या भागातून, तसेच सोलापूर, लातूर, अमरावतीकडून इकडे आलेल्या कितीतरी कुटुंबांनी जुनी गाडी घेताना माझा सल्ला विचारला. जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न किमतीचा आणि इंजिनाचा होता. कागदांची चौकशी पैसे देऊन झाल्यावर व्हायची, आणि तेव्हा हातात फारसे काही उरलेले नसायचे. म्हणून येथे मी कागदांपासूनच सुरुवात करतो.

पैसे पोहोचले, किल्ली हातात आली, की व्यवहार पुरा झाला असे आपण धरून चालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ तसे मानत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचे नाव, तोच कायद्याच्या नजरेत मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले : गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली असली, तरी नोंदणी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली असेल, तर नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते.

याचा लहानसा अनुभव मी स्वतः घेतला आहे. २०१८ मध्ये मी माझी पहिली गाडी जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याला दिली आणि खरेदीदाराचे रकाने कोरे ठेवून फॉर्म २९ व फॉर्म ३० या हस्तांतरणाच्या फॉर्मवर सह्या केल्या. ‘गिऱ्हाईक मिळाले की लगेच नावावर चढवतो, तुम्ही निश्चिंत राहा,’ असे त्याने सांगितले आणि मी निश्चिंत राहिलो. दोन वर्षांनी एका संध्याकाळी मोबाइलवर ई-चलनाचा संदेश आला. सोबतच्या छायाचित्रात ठाणे-बेलापूर रस्त्यावर माझी गाडी होती. क्रमांक तर स्पष्ट होताच, शिवाय मागच्या काचेवर मुलीने लहानपणी तिरके चिकटवलेले सूर्यफूलही तसेच होते. त्यानंतर आणखी चार चलने आली. शोध घेत मी ज्यांच्यापर्यंत पोहोचलो ते तळोज्याचे गृहस्थ होते. त्यांनी पूर्ण पैसे मोजले होते आणि गाडी आपल्याच नावावर आहे असे ते प्रामाणिकपणे समजत होते. त्यांची गाडी चोरीला गेली असती, तर विमा कंपनीपुढे त्यांना मालकी सिद्ध करता आली नसती. कोऱ्या फॉर्मवरच्या माझ्या दोन सह्यांनी आम्हा दोघांनाही अडचणीत आणले होते. म्हणून विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला माझी एकच कळकळीची विनंती आहे की, खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख लिहिल्याशिवाय कोणत्याही फॉर्मवर सही करू नये.

आता मुदतींविषयी. कायद्याच्या कलम ५० नुसार विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात झालेल्या विक्रीची सूचना १४ दिवसांच्या आत द्यायची असते, आणि गाडी परराज्यात जात असेल तर त्यासाठी ४५ दिवस मिळतात. खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत आपल्या राहत्या भागाच्या परिवहन कार्यालयाकडे अर्ज करायचा असतो. विक्रेत्याची सूचना म्हणजे फॉर्म २९ आणि खरेदीदाराचा अर्ज म्हणजे फॉर्म ३०. अर्ज परिवहन संकेतस्थळावरून भरता येतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र), ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा लागतो, आणि चासी क्रमांकाचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या क्रमांकाचा, पेन्सिल ठसाही मागितला जातो. हा ठसा घ्यायला कोणी कारागीर लागत नाही : क्रमांक कोरलेली जागा शोधावी (अनेक गाड्यांत ती बॉनेटखाली असते), कोरलेल्या क्रमांकावरची धूळ आणि तेल कापडाने स्वच्छ पुसावे, पातळ कागद घट्ट धरून त्यावर मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. उमटलेला प्रत्येक अंक आरसीशी ताडून पाहावा. गाडी खरोखर तीच आहे याची खात्री पटवणारी दुसरी इतकी सोपी तपासणी मला माहीत नाही, म्हणून बयाणा देण्यापूर्वीच ती करावी.

कार्यालय कोणते, याबाबत नवीन माणसाचा हमखास गोंधळ होतो. ठाणे शहर आणि घोडबंदर पट्टा एमएच ०४ मध्ये येतो. डोंबिवली, कल्याण, बदलापूर एमएच ०५ मध्ये. ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, बेलापूर एमएच ४३ मध्ये. खारघर, कामोठे, कळंबोली येथे राहणारे आपला पत्ता नवी मुंबई असा सांगतात, परंतु हा भाग रायगड जिल्ह्यात असल्यामुळे त्यांचे कार्यालय पनवेलचे, म्हणजे एमएच ४६ चे असते. राज्यातल्या राज्यात मालक बदलला तर गाडीचा क्रमांक बदलत नाही. कोल्हापूरची एमएच ०९ ठाण्यात नावावर झाली तरी एमएच ०९ च राहते.

पत्त्याचा पुरावा ही आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांची खरी अडचण असते. आधार कार्डावर गावचा पत्ता आणि राहणे घणसोलीत, असे असेल तर आधी ते जुळवून घ्यावे. भाडेकरार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि केवळ नोटरी केलेला कागद पुढे करून काम अडवून घेण्यात अर्थ नाही. घरमालक टाळाटाळ करत असेल तर गाडीचा सौदा महिनाभर लांबवावा, पण दुसऱ्याच्या पत्त्यावर गाडी घेऊ नये.

सौदा करण्याआधी गाडीवरची थकलेली चलने आणि आरसीवरील कर्जाचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असले तरी बँकेचे नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवलेली आहे का, हेही पाहावे, कारण ती नसेल तर हस्तांतरण अडते.

विम्याबाबत मात्र थोडे थांबून वाचावे. विक्रीनंतर तृतीय पक्षाचे, म्हणजे अपघातात दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचे, संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते असे कायदा मानतो, आणि नव्या मालकाने १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नावबदलाचा अर्ज करायचा असतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मात्र पॉलिसी नावावर झाल्याशिवाय मिळत नाही. जुन्या मालकाने मिळवलेला ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, हा त्या माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. त्यामुळे पॉलिसी नावावर करताना तेवढा फरक भरावा लागेल हे गृहीत धरावे.

बेळगाव, पणजी, इंदूर किंवा बडोद्याहून स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांचे काम वेगळे आहे. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गाडी या राज्यात राहणार असेल, तर मूळ कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, येथे महाराष्ट्राचा कर भरून नवा एमएच क्रमांक घ्यावा लागतो, आणि मूळ राज्यात आगाऊ भरलेल्या कराच्या उरलेल्या भागाचा परतावा तेथे स्वतंत्र अर्ज करून मागावा लागतो. मूळ कर भरल्याची पावती त्यासाठी जपून ठेवावी.

काही जण वडिलांची गाडी त्यांच्या पश्चात इकडे आणतात आणि वर्षानुवर्षे तशीच वापरतात. दुःखाच्या दिवसांत कागद सुचत नाहीत, हे मी समजू शकतो. तरीही मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर नोंद करून घ्यावी. भावंडांची लेखी संमती लागते, आणि सगळे एकत्र असतात तेव्हाच ती मिळवणे सोपे जाते. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. आपल्या गाडीसाठी ती आजच करून घ्यावी.

व्यापाऱ्याकडे गाडी द्यायची असेल तर त्याचे परिवहन कार्यालयाने दिलेले प्राधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अधिकृत व्यापाऱ्याकडे ताबा देताना फॉर्म २९सी वर सूचना दिली जाते आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. माझ्या वेळी ही सोय असती तर तळोज्याच्या त्या गृहस्थांचीही फसगत टळली असती.

गाडी कोणालाही द्या, तारखेबरोबर वेळही लिहिलेली डिलिव्हरी नोट दोघांनी सह्या करून ठेवावी, कारण सकाळी दिलेल्या गाडीला दुपारी चलन लागू शकते. विक्रेत्याने फास्टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर द्रुतगती महामार्गाचा टोल जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतो.

नवी आरसी स्पीड पोस्टाने घरी येते. आपल्या सोसायटीत भाडेकरूचे नाव पत्रपेटीवर नसते आणि रखवालदाराला नवीन माणसाचे नाव ठाऊक नसते, म्हणून पाकीट ‘या नावाचे येथे कोणी राहत नाही’ असा शेरा मारून परत जाते. अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला की त्याच दिवशी खाली जाऊन रखवालदाराला आपले आरसीवरचे पूर्ण नाव आणि सदनिकेचा क्रमांक लिहून द्यावा.