डिझेल की पेट्रोल: शोरूमला जाण्याआधीची तयारी

आधी एक वही घ्या. शोरूम नंतर, मायलेजच्या गप्पाही नंतर. सध्या स्कूटर, जुनी गाडी, जे काही चालवता त्याची प्रत्येक फेरी किती किलोमीटरची झाली, ते पंधरा दिवस लिहा. महिन्याची बेरीज नको, एकेका फेरीचं अंतर हवं. मी हे केलं नव्हतं.

माझं घर साताऱ्यात गोडोलीत आणि काम एमआयडीसीत, जेमतेम चार किलोमीटरवर. दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत चक्कर. शिवाय दर रविवारी दहिवडीकडे गावी जायचं, असं मनात धरलेलं. बेरीज महिन्याला हजारावर गेली आणि मी डिझेल घेतली. प्रत्यक्षात गावी जाणं दोन महिन्यांतून एकदा झालं. आठव्या महिन्यात डीपीएफचा, म्हणजे धुराच्या गाळणीचा, दिवा लागला. गाडी चालतेय ना, म्हणून आठवडाभर दुर्लक्ष केलं, मग गाडीने ओढच सोडली.

असं का होतं ते नीट समजून घ्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाडीच्या धुराचे कडक नियम लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, तीच डीपीएफ. साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश उष्णता लागते. हायवेवर १५-२० मिनिटं गाडी एकसारखी पळाली की ती मिळते, पोवई नाक्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगताना मिळत नाही. सफाई अर्धवट राहिली की इंजिन पुन्हा पुन्हा जादा डिझेल सोडतं आणि त्यातलं थोडं ऑइलमध्ये उतरतं. माझ्या डिपस्टिकवर ऑइलची पातळी वर गेलेली होती. तशी दिसली तर खूश होऊ नका, ऑइल पातळ झालंय, लगेच बदला.

म्हणून पुन्हा सांगतो, एका फेरीचं अंतर लिहा. आणि जाणार आहोत, जाऊ, असल्या फेऱ्या वहीत नकोत. झालेल्या फेऱ्याच लिहा.

आता पैशाचा हिशेब. पेट्रोल १०५ रुपये आणि मायलेज १५ धरा, डिझेल ९१ आणि मायलेज २०. किलोमीटरला ७ रुपये विरुद्ध साडेचार, म्हणजे अडीच रुपयांची बचत. डिझेल गाडी सव्वा लाखाने महाग पडत असेल, तर तो फरक भरून यायला ५० हजार किलोमीटर लागतात. महिन्याला ६०० चालवणाऱ्याची सात वर्षं. भाव आणि मायलेज आपापले घाला, पण किंमत ऑन-रोडच धरा, कारण डिझेलला आरटीओचा करही जास्त आहे.

रोज कराडला जाऊन-येऊन शंभर किलोमीटर करणारा माणूस असेल, तर त्याने बिनदिक्कत डिझेल घ्यावी. भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना डिझेलची कमी आरपीएमवरची ओढ खरंच सुख देते, ते मी नाकारत नाही. पण घाट वर्षातून किती वेळा चढता? वही बघा.

टेस्ट ड्राइव्ह एकट्याने घेऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी लावा आणि यवतेश्वरचा घाट चढा. पेट्रोलचं छोटं इंजिन तिथे किती गिअर खाली मागतं ते कळेल. टर्बो पेट्रोल छान ओढते, पण जोरात दाबली की मायलेज पडतं.

जुनी गाडी घेत असाल तर ‘गावातल्या गावात फिरली, रनिंग कमी’ हे डिझेलच्या बाबतीत गुण समजू नका. उलट तेच विचारा, फेरी किती लांबीची होती? आणि एप्रिल २०२३ च्या आधीची पेट्रोल गाडी असेल तर ई२० इंधन (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का, ते मॅन्युअलमध्ये बघा.

बाकी विमा, पीयूसी, टायर नेहमीचंच. काही डिझेल गाड्यांत डीईएफ हे धूर स्वच्छ करणारं द्रवही भरावं लागतं, ते विचारून घ्या. सर्व्हिसचा खर्च दोन्हींचा लेखी मागा.

बुकिंगची रक्कम देण्याआधी वही उघडा. दहा किलोमीटरच्या आतल्याच फेऱ्या जास्त असतील तर पेट्रोल घ्या.