रिमोटने लॉक करताच काचा वर: अलार्मला पॉवर विंडो कशी जोडावी

कंपनीचा नसलेला, बाहेरून बसवून घेतलेला अलार्म दरवाजे लॉक करतो, काचांकडे बघतही नाही. घोडबंदर रोडला उघड्यावर गाडी लावणाऱ्यांनी तरी पावसाळ्याआधी हे काम उरकून घ्यावं. अवघड काहीच नाही, फक्त एक टप्पा समजून करावा लागतो, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर दुकानांत सर्रास चुकीचा सल्ला मिळतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, डोअर पॅड (दरवाजाचं आतलं कव्हर) उतरवा. पिवळ्या कपलरला (वायरींच्या प्लगला) हात लावू नका, ती एअरबॅगची वायरिंग असते.

अलार्मच्या माहितीपत्रकात काचांसाठीची वायर शोधा. तिच्यातून लॉक केल्यावर काही सेकंद निगेटिव्ह सिग्नल येतो. हा सिग्नल अगदी कमी करंटचा असतो, रिलेची (छोट्या सिग्नलवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल ओढण्यापुरता. त्यावर थेट मोटर चालवायला गेलात तर अलार्म जळेल.

आता मुख्य गोष्ट. मोटरला दोन जाड वायर जातात. काच वर नेताना एकीत १२ व्होल्ट येतात आणि दुसरी अर्थ होते, म्हणजे बॉडीला, निगेटिव्हला जोडली जाते; खाली नेताना उलट. पण बटण सोडलेलं असताना काय? बहुतेक साध्या गाड्यांत तेव्हा दोन्ही वायर स्विचमधून अर्थला टेकलेल्या असतात. म्हणूनच “वायर कापू नका, काच वर नेणाऱ्या वायरला नुसता सप्लाय जोडा” हा सल्ला घातक आहे. तुम्ही दिलेले १२ व्होल्ट मोटरकडे जाण्याआधी स्विचमधून सरळ अर्थला जातात. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर स्विचचे कॉन्टॅक्ट जळतात. मलाही हे उमगायला बराच वेळ गेला, कारण मीटरवर तसं दिसतच नाही: मोटर जोडलेली असली की तिच्याच कॉइलमधून दोन्ही वायर एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि कंटिन्युइटीवर (जोड असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवलेला मीटर सगळीकडे वाजतो.

म्हणून आधी मोटरचा कपलर काढा. इग्निशन बंद ठेवून स्विचकडून येणारी एकेक वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटर कंटिन्युइटीवरच लावा. दोन्हींवर वाजला तर तुमची गाडी याच प्रकारची. वाजला नाही, किंवा मोटरच्या कपलरमध्ये जाड वायरींशिवाय बारीक वायरीही दिसल्या, तर तिथेच थांबा. अशा गाडीत मोटरचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असतं. तिथे काहीही कापू नका, काम तिच्या जाणकाराकडे द्या.

मग बॅटरी तात्पुरती जोडून, इग्निशन चालू करून बटणाने वर जाणारी वायर ओळखा, बॅटरी परत काढा आणि ती वायर कापा. होय, कापाच, म्हणजे रिले ओढला की स्विचमधून अर्थला जाणारी वाट तुटेल. पाच पायांच्या रिलेवर (प्रत्येक पायाला नंबर असतो) स्विचकडचं टोक ८७ए ला, मोटरकडचं टोक ३० ला. ८७ ला बॅटरीवरून २० अँपियरच्या फ्यूजमधून सप्लाय, ८६ लाही तोच, आणि ८५ ला अलार्मची वायर. कॉइलवर, म्हणजे ८५ आणि ८६ मध्ये, १एन४००७ डायोड लावा, पट्टीची बाजू ८६ कडे. प्रत्येक काचेला स्वतंत्र रिले.

बॅटरी जोडताच काच आपोआप वर चढू लागली, तर ८७ आणि ८७ए उलट लागलेत. ताबडतोब फ्यूज काढा.

नुसत्या रिलेवर काम चालतं, पण माझं ठाम मत आहे की विंडो क्लोजर मॉड्यूलच घ्यावं. काच वरच्या टोकाला अडली की मोटरचा करंट वाढतो, मॉड्यूल ते ओळखून सप्लाय तोडतं. नुसता रिले अलार्मचा सिग्नल संपेपर्यंत अडलेल्या मोटरला रेटत राहतो. मॉड्यूललाही वायर अशीच कापून दोन टोकं द्यावी लागतात. मात्र काचेत हात अडकला तर मॉड्यूल वेळेवर थांबेलच असं धरू नका. गाडीत मूल असताना रिमोटने लॉक करायचं नाही, घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा.

आधी स्विचने काच वर-खाली करून बघा, मग रिमोटने.

दरवाजातले सांधे सोल्डर करून वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवा. नुसती टेप आपल्याकडच्या दमट हवेत सुटते. रिले दरवाजात ठेवू नका, डॅशबोर्डखाली न्या, वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच ओढा. पॅडमागचा प्लास्टिकचा पडदा फाटला असेल तर नवा लावा आणि कडा सगळीकडून चिकटवा. काचेवरून दरवाजात उतरणारं पाणी तोच अडवतो, नाहीतर ते पॅड ओलांडून आत येतं.