अँटेनावर दूरदर्शन येईनासं झालंय? मग हे करा

आमच्या माणदेशात काही घरांवर अजून जुने काड्यांचे अँटेना उभे आहेत. ते फिरवत बसू नका. दूरदर्शनने जमिनीवरची अॅनालॉग प्रक्षेपणं 2022 पर्यंत जवळपास सगळीकडे बंद केली. तुमच्या टीव्हीत बिघाड नाही.

फुकट हवं तर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची छत्रीवर (डिशवर) दिसणारी मोफत सेवा, घ्या. सामान एकदाच घ्यायचं, महिन्याचा रिचार्ज नाही, आणि सह्याद्री दिसते. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना मी हीच बसवून देतो. त्यांना दर महिन्याचा खर्च परवडत नाही.

छत्री आग्नेयेला वळवा. जीसॅट-15 उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, आपल्याकडून साधारण 60 अंश उंच. पण छत्री ऑफसेट, म्हणजे सिग्नल तिरका झेलणारी, असल्यानं तिचं तोंड त्याहून बरंच खाली दिसतं, आभाळाकडे ताणू नका. खांब ओळंब्यात हवाच. समोर कडुलिंब किंवा टाकी नको.

वायरच्या टोकाला वेळ द्या. मधली तांब्याची तार सरळ बाहेर यावी, जाळीचा एक धागाही तिला चिकटता कामा नये. एलएनबीजवळ (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) वायरला खाली झोल ठेवा, पावसाचं पाणी तिथूनच गळून जातं.

सेट-टॉप बॉक्सच्या मेन्यूत एलएनबी 9750/10600 ठेवा. एकानं सिग्नलची पट्टी बघायची, दुसऱ्यानं छत्री किंचित हलवून थांबायचं. क्वालिटी स्थिर झाली की नट आवळा, मग चॅनेल शोधा. जोराच्या पावसात चित्र अडकलं तर छत्रीला हात लावू नका, सर ओसरली की येतं.