ऍडल्ड कुठे वापरायचा, कुठे नाही

"हिज ब्रेन वॉज ऍडल्ड बाय फीव्हर." भाषांतराच्या कामात "ऍडल्ड" (addled) हा शब्द असलेलं हे इंग्रजी वाक्य समोर आलं तेव्हा मी बिनदिक्कत लिहिलं, "तापाने तो गोंधळला होता." दुसऱ्या दिवशी वाचलं तर वाक्यातला तापच उतरलेला. तापात माणसाचं डोकं भंजाळतं. हा शब्द सुचला तेव्हा कुठे मला ऍडल्ड कळला.

मूळ अंड्यात आहे. जुन्या इंग्रजीत "अडेला" म्हणजे घाण, चिखल. त्यावरून आत नासलेल्या, पिल्लू न निघणाऱ्या अंड्याला "ऍडल्ड एग" म्हणू लागले, आजही म्हणतात. असं अंडं कानाशी धरून हलवलं की आत डचमळतं. वरून कवच धड, आतलं सगळं एकमेकांत कालवलेलं. डोक्याला हा शब्द लावताना तेच चित्र डोळ्यांपुढे आणा.

म्हणून वापरण्याआधी एकच विचारा: डोकं बिघडवलं कशानं? ताप, दारू, जागरण, ऊन असं काही उत्तर आलं तर शब्द बसला. "ऍडल्ड बाय ड्रिंक", "ड्रग-ऍडल्ड", "माय ऍडल्ड ब्रेन" हे प्रयोग सर्रास आढळतात. उच्चार करताना दोन डी आहेत म्हणून ड वर जोर देऊ नका.

गणित अडलं तर मात्र "आय ऍम ऍडल्ड" म्हणू नका. माझ्या शिकवणीतली मुलं हमखास तसं लिहितात. तिथे कन्फ्युज्ड किंवा पझल्ड. अनोळखी जागी भांबावलात तर बिविल्डर्ड. फॉर्म किंवा प्रश्न किचकट असेल तर तो कन्फ्युजिंग. ऍडल्ड होतं ते डोकं किंवा माणूस.

आणि आजारी माणसाबद्दल हा शब्द जपून वापरा, हे मी कळकळीनं सांगते. त्यात नासल्याचा वास आहे. वडिलांच्या आजारपणात त्यांच्या कागदांवर "कन्फ्युज्ड" लिहिलेलं असायचं, आणि तोच शब्द बरोबर होता. रुग्ण किती शुद्धीत आहे हे गुण देऊन मोजणाऱ्या, 1974 साली आलेल्या ग्लासगो कोमा स्केलमध्येही रुग्ण बोलतो पण उत्तरं भलतीच देतो, तेव्हा बोलण्याच्या 5 पैकी 4 गुण देतात आणि त्या पायरीला कन्फ्युज्ड म्हणतात. नातेवाइकांना इंग्रजीत कळवतानाही मी तोच लिहायचे. रात्रभर उशाशी बसून सकाळी माझं काय व्हायचं, त्याला ऍडल्ड.